प्रबंधाचं तिसरं प्रकरण

नोएमी आर्गेताने पहिल्याच आठवड्यात भर वर्गात मला खोटं पाडलं. तेगुसिगाल्पाच्या एका विद्यापीठात मी एम.ए.च्या मुलांना आंतरराष्ट्रीय संबंध शिकवतो, त्यातही सीमावादाचा कायदा. त्या दिवशी होंडुरास आणि एल साल्वादोरच्या सीमेचा नकाशा भिंतीवर लावून मी नेहमीच्या ऐटीत सांगत होतो, की इथे रेषा ओढ्याच्या मधोमध जाते. मागच्या बाकावरून आवाज आला, "सर, तो ओढा आता तिथे नाही. मिच वादळात त्याने वाट बदलली. आता तो शाळेच्या मागून जातो."

वर्ग हसला. मी विचारलं, "तुला कसं माहीत?"

"मी त्याच शाळेत शिकले. नंतर सहा वर्षं तिथेच शिकवलं."

मी विषय बदलला. पण मला ते लागलं, आणि त्याचं कारण वर्गातल्या कोणालाच माहीत नव्हतं. ब्याण्णव साली हेगच्या न्यायालयाने दोन देशांमधली ही रेषा ठरवली, तेव्हा मी सव्वीस वर्षांचा होतो आणि आमच्या होंडुरासच्या शिष्टमंडळात सगळ्यात खालच्या पायरीवरचा कारकून होतो. नकाशांच्या गुंडाळ्या सांभाळायच्या आणि मागतील तेव्हा पुढे करायच्या, एवढंच माझं काम. डोंगराचा एक मोठा तुकडा आम्हाला मिळाला. तिथे राहणारी माणसं मात्र स्वतःला साल्वादोरची समजत होती. एका दुपारी त्यांचा देश बदलला. त्या निकालावर मी पंचवीस वर्षं व्याख्यानं दिली, दोन पुस्तकं लिहिली. त्या डोंगरावर एकदाही गेलो नव्हतो.

दुसऱ्या वर्षी प्रबंधासाठी नोएमीने मार्गदर्शक म्हणून माझंच नाव दिलं. मी म्हटलं, "मला खोटं पाडून झालं, आता माझ्याचकडे?"

"तुम्ही विषय बदललात, पण पुढच्या तासाला नकाशा बदलून आणलात," ती म्हणाली. "बाकीच्या सरांनी मला गप्प बसवलं असतं."

निकालाची अंमलबजावणी दोन्ही सरकारांनी कशी केली, हा तिचा विषय. दहा महिने ती मंत्रालयांच्या पायऱ्या झिजवत होती. कागद हवा तर अर्ज, अर्जाला उत्तर हवं तर दुसरा अर्ज. हाती लागली ती जुन्या भाषणांची कात्रणं. "सर, सरकारने आमच्यासाठी काय केलं हे शोधतेय, आणि सापडत नाहीये," ती एकदा म्हणाली. "बहुतेक तेच उत्तर असावं."

मग ईस्टरच्या आधीच्या पवित्र सप्ताहाच्या सुट्टीत ती घरी गेली आणि परतल्यावर तिने माझ्या टेबलावर झेरॉक्सचा गठ्ठा ठेवला. शाळेच्या वह्यांची पानं होती, रेघारेघांची, वेगवेगळ्या हस्ताक्षरांतली. पहिलं पान चौऱ्याण्णव सालचं.

तिचं गाव, लोस एन्सिनोस, डोंगरावर आहे, आता होंडुरासमध्ये. खाली अर्ध्या तासाच्या उतारावर ला होया, ते साल्वादोरमध्ये राहिलं. झरा वर आहे, दवाखाना खाली. निकालाच्या आधीपासूनच एका नळाने दोन्ही गावांना पाणी जायचं. रेषा आली, तरी नळ तसाच राहिला. आणि तो तसा राहावा म्हणून दोन्ही गावांनी मिळून एक पाणी समिती केली होती. दर दोन महिन्यांनी बैठक, एकदा वर, एकदा खाली. कोणत्या दिवशी कोणाला पाणी, नळ फुटला तर कोणी खणायचं, वरच्यांची बाळंतीण खालच्या दवाखान्यात गेली तर तिला परदेशी म्हणायचं नाही. सगळं ठराव करून लिहिलेलं. दोन्ही राजधान्यांना याचा पत्ता नव्हता.

मी ती पानं वाचून संपवली आणि खुर्चीतून उठलो. "नोएमी, तुला कळतंय का हे काय आहे? सैन्य नाही, राजदूत नाही, शिक्का नाही, आणि करार चोवीस वर्षं टिकलाय. तुझं तिसरं प्रकरण हेच."

तिने ते लिहिलं. खरं सांगायचं तर, तिच्यापेक्षा मीच जास्त हावरा झालो होतो. कोणत्या नियतकालिकाकडे पाठवायचं हेसुद्धा मनात ठरवून टाकलं होतं.

प्रबंध द्यायला तीन आठवडे उरले असताना ती माझ्या खोलीत आली आणि दार लावून घेतलं.

"एर्सिलिया मावशीचा निरोप आलाय. समितीची अध्यक्ष, वह्या तिनेच दिल्या होत्या. म्हणे, तू आमच्यावर पुस्तक लिहितेयस असं ऐकलं. छापायच्या आधी येऊन जा."

"मग काय झालं? कौतुकच करतील."

"कौतुक नाही, सर. त्यांना भीती वाटतेय. या देशातलं पाणी त्या देशात न्यायला परवानगी लागते. ती कोणाकडेच नाही. कोणी साहेब हे वाचून वर आला आणि व्हॉल्व्हला कुलूप घातलं तर?"

"गावांची नावं बदलू."

"एक झरा दोन देशांना पाणी देतोय, असं ठिकाण त्या डोंगरावर एकच आहे. नाव बदलून फसवायचं कोणाला?"

मी तारखेची आठवण करून दिली. ती म्हणाली, "मी जाऊन विचारते. नको म्हणाले तर ते प्रकरण काढून टाकते."

"ते काढलं तर प्रबंधात काही उरत नाही."

"मग काही उरणार नाही," ती शांतपणे म्हणाली.

 वह्या तिच्याकडे विश्वासाने आल्या होत्या, आणि मी मात्र त्या सापडल्या असं धरून चाललो होतो. मी म्हटलं, "मीही येतो."

"तुम्ही? गुडघे काय म्हणतील?"

"त्यांना विचारलंच नाही."

शनिवारी पहाटेच्या बसने मार्काला गावापर्यंत, तिथून पिकअपच्या मागच्या फळ्यांवर बसून वर. पाइनच्या झाडांतून लाल मातीचा रस्ता, आणि प्रत्येक वळणावर नोएमी कोणाला तरी हात करत होती. तिच्या आईने, आदेलिनाबाईंनी, तव्यावरच्या मक्याच्या भाकरी, राजमा आणि घट्ट कॉफी पुढे ठेवली. ताटावर बसतो न बसतो तोच नोएमीचे मामा आले. नाव कोन्सेप्सिओन, पण सगळे चोन म्हणतात. सत्तरीचे, काटक. टोपी न काढता त्यांनी मला न्याहाळलं.

"हेच का ते, रेघ मारणारे?"

"मामा," नोएमी म्हणाली.

"रेघ न्यायाधीशांनी मारली," मी म्हटलं. "मी नुसते नकाशे उचलत होतो."

"जड होते का?"

"त्या वेळी नाही वाटले."

मामांनी टोपी काढली आणि भाकरी ओढून घेतली. "वाढ गं यांना अजून. खरं बोलतात."

रविवारी सकाळी शाळेत बैठक भरली. वरचे आले, खालचे चढून आले. चाळीसेक माणसं लहान मुलांच्या बाकांवर गुडघे छातीशी घेऊन बसली. एर्सिलियाबाई टेबलामागे होत्या. ऐंशीच्या घरात, पाठ ताठ, समोर तीच ठरावाची वही. त्यांनी प्रस्तावना वगैरे केली नाही. "नोएमी, काय लिहिलंयस ते वाच. सगळं वाच. आम्हाला समजेल असं नाही, जसं लिहिलंयस तसं."

नोएमी वाचू लागली. मी तिच्या चेहऱ्याकडे बघत होतो. माझ्या खोलीत जी वाक्यं भारदस्त वाटली होती, ती तिथे तिच्या तोंडात अडकत होती.

"थांब," ला होयाचा तिबुर्सिओ म्हणाला. खालच्या गावात पाणी सोडायचं काम त्याच्याकडे. "हे 'बिगर-राज्य घटक' कोण?"

"तुम्ही, काका."

"मी? मी तिबुर्सिओ."

"म्हणजे, जे सरकार नाहीत पण करार करतात, त्यांना पुस्तकात तसं म्हणतात."

"मग असं लिही ना, की सरकार नव्हतं म्हणून आम्ही केलं. घटक म्हणे. जसं काही मी पावात घातलेलं मीठ."

शाळा हसली. नोएमीही हसली आणि तिने समासात खूण केली. पुढे तिने वाचलं, की निकालानंतर दोन्ही गावांनी परस्परांविषयीच्या सद्भावनेतून समिती स्थापन केली. यावर कोणी हसलं नाही. मागच्या बाकावर कोणीतरी खाकरलं. एर्सिलियाबाईंनी वही बंद केली.

"हे कुठून काढलंस?"

"वहीतून. पहिल्या ठरावात तसं आहे. सद्भावनेने, असा शब्द आहे."

"तो शब्द मीच घातला. लिहायला बरा वाटला म्हणून." त्या वळल्या. "चोन, तू सांगतोस की मी सांगू?"

चोनमामा टोपी हातात फिरवत बसले होते.  मग उठले आणि भाचीकडे बघूनच बोलले.

"वहीच्या आधीचं आहे ते. त्र्याण्णवचं. दवाखान्यात गेलो होतो, ताप होता. खालच्या नर्सने सांगितलं, तुमचं नाव आता या यादीत नाही, तुम्ही परदेशी. तिथले चार जण हसले. त्यातला एक हा." त्यांनी तिबुर्सिओकडे हनुवटीने दाखवलं. तिबुर्सिओने मान खाली घातली. "मी वर आलो आणि व्हॉल्व्ह बंद केला. मी परदेशी, तर पाणीही परदेशी. अकरा दिवस."

"अकरा दिवस खाली पाणी नव्हतं," तिबुर्सिओ म्हणाला. "म्हातारी माणसं घागरी घेऊन ओढ्यावर. मग आम्ही रस्त्यावर ओंडके टाकले. वरचा कोणी दवाखान्यात येऊ नये म्हणून."

"विळे, कोयते बाहेर निघाले होते," कोणीतरी म्हणालं.

"मग उघडला कोणी?" नोएमीने विचारलं. तिचा आवाज बारीक झाला होता.

"चोरीला गेला ना माझा व्हॉल्व्ह फिरवायचा पाना," मामा म्हणाले. "कोणीतरी घरात शिरून नेला. मी बाराव्या दिवशी वर गेलो, तर पाणी सुरू, आणि झऱ्यावर दोन्हीकडच्या बाया कपडे धूत बसलेल्या. वीसएक असतील. त्यांच्यासमोर परत बंद करायची माझी छाती झाली नाही."

"चोरी कसली," एर्सिलियाबाई म्हणाल्या. "पाना तुझ्या चुलीमागे होता. तुझ्या बायकोने स्वतःच्या हाताने मला काढून दिला. म्हणाली, ने गं बाई, हा माणूस भांडण विसरला तरी हट्ट विसरायचा नाही."

मामा उभेच राहिले. "लुस्मिलाने?"

"ती बिचारी गेली आता. सांगायला हरकत नाही."

"तीस वर्षं मी तिबुर्सिओवर संशय घेतला."

"पंचवीस," तिबुर्सिओ म्हणाला. "मला माहीत होतं. म्हणूनच तू माझ्या पोरीच्या लग्नाला आला नाहीस."

मामा हळूच खाली बसले. त्यांच्या खांद्यांकडे बघून मला आधी वाटलं रडताहेत. ते हसत होते. "लुस्मिलाने," ते पुन्हा म्हणाले आणि टोपीने डोळे पुसले. ते हसतायत बघून तिबुर्सिओही हसला, आणि मग सगळी शाळाच.

मी कोपऱ्यात बसून होतो. तह कसे होतात यावर मी आयुष्यभर बोललो होतो. त्यातल्या एकाही व्याख्यानात चुलीमागचा पाना नव्हता.

हसणं ओसरल्यावर खरा प्रश्न पुढे आला. तिबुर्सिओ छापायच्या विरोधात होता. "आजवर कोणाला माहीत नव्हतं म्हणून चाललं. सरकारचं लक्ष आपल्याकडे नाही, हेच आपलं नशीब आहे."

ला होयाच्या दवाखान्यातली आरोग्यसेविका मार्लेन उठली. तिशीची, बोलणं तडक. "काका, मागच्या पावसाळ्यात दोन साहेब झरा मोजून गेले. कुठल्या खात्याचे, कशासाठी, काही सांगितलं नाही. उद्या ते कागद घेऊन आले तर आपण काय दाखवणार? एर्सिलिया आजींची वही?"

"वहीत काय वाईट आहे?" एर्सिलियाबाई म्हणाल्या.

"वाईट काही नाही, आजी. पण ती तुमच्या कपाटात आहे."

एर्सिलियाबाई माझ्याकडे वळल्या. "सर, तुम्ही शिकलेले आहात. हे छापलं तर आमचं पाणी बंद होईल का?"

डोळ्यांच्या चाळीस जोड्या माझ्याकडे लागल्या. वर्गात असा प्रश्न आला असता तर मी तीन मुद्द्यांत उत्तर दिलं असतं.

"मला माहीत नाही," मी म्हटलं. "होऊ शकतं. होणार नाही असं सांगितलं तर ते खोटं होईल. एक मात्र मला माहीत आहे. दोन देशांची माणसं एखादी गोष्ट वर्षानुवर्षं करत आली आणि कोणी हरकत घेतली नाही, तर कायदा तिला प्रथा म्हणतो. प्रथेला वजन असतं. पण लपवलेल्या गोष्टीला कायदा प्रथा मानत नाही. ती उघड असावी लागते. उघड केल्यावर तुमचं नुकसान होईल की बळ वाढेल, हे मी सांगू शकत नाही. ते तुम्हीच ठरवायचं. आणि तुम्ही नको म्हणालात, तर नोएमी ते पान फाडेल. मीही काही छापणार नाही."

हे शेवटचं वाक्य मी आधी ठरवलेलं नव्हतं.

तासभर चर्चा झाली. शेवटी एर्सिलियाबाईंनी सगळ्यांचं ऐकून ठराव सांगितला आणि मार्लेनने तो वहीत उतरवला. प्रबंध द्यायचा, पण अकरा दिवसांची गोष्ट त्यात आली पाहिजे. चांगलं तेवढंच लिहिलं तर कोणी विश्वास ठेवणार नाही. माणसांना त्यांच्या नावांनी लिहायचं. आणि विद्यापीठाच्या आधी ते प्रकरण दोन्हीकडच्या नगराध्यक्षांच्या हातात पडलं पाहिजे, समितीच्या हातून. नोएमीने मध्ये पडायचं नाही. "त्यांनी दुसऱ्याकडून ऐकलं तर रागावतील," बाई म्हणाल्या. "आपण सांगितलं तर विचार करावा लागेल."

हात वर झाले. एकतीस बाजूने, नऊ विरोधात. तिबुर्सिओ विरोधातच राहिला. उठताना नोएमीला म्हणाला, "मी नाही म्हणालो, हेही लिही. का नाही म्हणालो तेही."

"लिहिते, काका. तुमच्याच शब्दांत."

खाली उतरताना मामा त्याच्याबरोबर चालत होते. काय बोलत होते ते ऐकू आलं नाही, पण वळणापर्यंत दोघंही एकाच गतीने जात होते.

तेगुसिगाल्पाला परतल्यावर मी मुदतवाढीचा अर्ज लिहिला. विभागप्रमुखांनी कारण विचारलं. मी म्हटलं, "मार्गदर्शकाला विषय उशिरा कळला." त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं आणि सही केली.

नोएमीने ते प्रकरण सात आठवड्यांत पुन्हा लिहिलं. माझ्याकडे मसुदा यायचा, मी खुणा करायचो, आणि माझ्या खुणांपैकी निम्म्या ती खोडून परत पाठवायची. मौखिक परीक्षेला बाहेरून आलेले परीक्षक नामांकित होते आणि त्यांना ते ठाऊक होतं. "बाई, हे सगळं रोचक आहे," ते म्हणाले, "पण यात सिद्धांत कुठे आहे? सत्तेचा समतोल, राष्ट्रहित, काहीतरी?"

नोएमीने पाण्याचा घोट घेतला. "वरच्यांकडे पाणी होतं, खालच्यांकडे दवाखाना. दोघांनीही एकमेकांना अडवून बघितलं. पुस्तकातला समतोल तिथपर्यंत येतो आणि थांबतो. करार त्याने झाला नाही. झऱ्यावर दोन्हीकडच्या बायका आधीपासून भेटत होत्या, म्हणून झाला. माझा दावा एवढाच आहे, की रेषेच्या दोन्ही बाजूंना ज्यांचं रोजचं काम एक आहे, त्यांच्याकडे बघितल्याशिवाय रेषा कळत नाही. चुकत असेन तर मला खोटं पाडणारं उदाहरण दाखवा."

परीक्षकांनी पानं चाळली. नंतर विचारलेले प्रश्न खरे प्रश्न होते, आणि दीड तास कसा गेला कळलं नाही. ती उत्तीर्ण झाली, थोड्या दुरुस्त्यांसह. आदेलिनाबाई मागच्या रांगेत मांडीवर पर्स घट्ट धरून बसल्या होत्या. बाहेर आल्यावर त्यांनी मला विचारलं, "तो टाय घातलेला माणूस तिच्यावर चिडला होता का?"

"नाही. तो शिकत होता."

आमच्या बाजूच्या नगराध्यक्षाने महिन्याभरात उत्तर दिलं. साल्वादोरच्या बाजूच्या नगराध्यक्ष बाईंना पाच महिने लागले. मध्ये निवडणूक आली. आम्हाला वाटलं बारगळलं. मग एके दिवशी त्या स्वतः चढून वर आल्या, झरा बघितला, एर्सिलियाबाईंच्या वह्या बघितल्या, आणि पुढच्या बैठकीत दोन्ही नगराध्यक्षांनी पाण्याच्या आणि दवाखान्याच्या कराराच्या दीड पानाच्या कागदावर सह्या केल्या. कागदाची प्रत पाठवली, तर मंत्रालयांकडून फक्त "नोंद घेतली आहे" अशी पत्रं आली. गाव हिरमुसलं. मी फोनवर सांगितलं, की सरकार जेव्हा नोंद घेतं आणि पुढे काहीच बोलत नाही, तेव्हा ते नाही म्हणत नसतं. आमच्या धंद्यात ही चांगली बातमी असते.

"मग सरळ हो का म्हणत नाहीत?" चोनमामांनी विचारलं.

"तेवढं धाडस व्हायला त्यांना अजून थोडी वर्षं लागतील."

नोएमी आता आमच्याच विभागात शिकवते, आठवड्यातले तीन दिवस. बाकीचे दिवस ती डोंगरात असते. गेल्या महिन्यात मी तिच्याबरोबर गेलो होतो. शाळेच्या पायरीवर अनोळखी दोघं बसले होते, बुटांना चिखल. पलीकडच्या डोंगररांगेतून आले होते. तिथेही रेषा गावांमधून गेली आहे, आणि त्यांचं भांडण कुरणाचं आहे. एक या देशाचा, एक त्या. दोघं एकमेकांकडे न बघता बोलत होते. तुमचा कागद दाखवा, त्याची नक्कल करून नेतो, म्हणाले.

एर्सिलियाबाईंनी कागद दाखवला नाही. त्यांनी दोघांना आत बोलावलं, कॉफी दिली आणि नोएमीला जवळ बसवलं.

"कागदाचं नंतर बघू," त्या म्हणाल्या. "आधी सांगा, भांडण कशावरून झालं? आणि दोघांनीही सांगा. ही लिहून घेईल."

 त्यांच्यातला थोरला म्हणाला, "गाईवरून," आणि दुसऱ्याने पहिल्यांदाच त्याच्याकडे वळून बघितलं. "गाय नव्हती ती," तो म्हणाला, "कालवड होती." नोएमीने वहीचं नवं पान उघडलं.